बरॅकमधील जीवन : अविवाहित जवानांचे प्रश्न

बरॅकमध्ये राहणाऱ्या अविवाहित जवानांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या पत्रांत त्याच शंका पुन्हा पुन्हा येतात, म्हणून काही उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : मी अग्निवीर आहे. घरच्यांना लग्नाची घाई आहे. गुपचूप लग्न उरकले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही, अग्निवीराची चार वर्षांची सेवा पूर्ण होण्याआधी विवाह केल्यास सेवेतून काढून टाकले जाते, हे भरतीच्या अधिसूचनेतच लिहिलेले आहे.

प्रश्न : अग्निवीराला विमा नसतो, असे सांगून एक एजंट पॉलिसी घ्यायला लावत आहे. घेऊ का?

उत्तर : त्याने तुम्हाला खोटे सांगितले आहे. सेवाकाळात अग्निवीराला ४८ लाख रुपयांचे विमा संरक्षण असते आणि त्यासाठी वेतनातून काहीही कापले जात नाही. पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपयांपैकी ९,००० सेवानिधीत (सेवा संपल्यावर मिळणाऱ्या रकमेत) वळते होऊन २१,००० हाती येतात. त्यांवरच या मंडळींचा डोळा असतो. चार वर्षांची नोकरी असलेल्या मुलाला पंधरा-वीस वर्षे हप्ते भरण्याची पॉलिसी विकणे मी फसवणूकच मानतो. युनिटमधील जाणत्या माणसाला कागद दाखवल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न : माझा मुलगा राजस्थानात आहे. हल्ली तुटक बोलतो, झोप लागत नाही म्हणतो. डॉक्टरकडे गेल्यास मेडिकल कॅटेगरी खाली जाईल, असे मित्र सांगतात. (एक आई, सातारा जिल्हा)

उत्तर : ताई, मित्रांचा हा सल्ला मी लष्करी डॉक्टर म्हणून सगळ्या नोकरीत ऐकला, आणि दुसऱ्या कोणत्याही ऐकीव गोष्टीने जवानांचे इतके नुकसान केलेले मी पाहिले नाही. झोपेची तक्रार घेऊन एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, गेल्याने कॅटेगरी आपोआप बदलत नाही. सैन्यातील आरोग्याची प्रतवारी ‘शेप’ (SHAPE) म्हणजे मन, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी या पाच घटकांवर होते आणि त्यांतला पहिलाच घटक मनाचा आहे. मात्र ती तज्ज्ञांच्या तपासणीनंतर ठरते, पुष्कळदा तात्पुरती असते आणि उपचारांनंतर फेरतपासणीत सुधारू शकते. क्वार्टरमध्ये कुटुंबासह राहणाऱ्या जवानाची अस्वस्थता बायकोच्या ध्यानात येते, पण बरॅकमध्ये शेजारच्या खाटेवरचा सोबती स्वतःच दमून झोपलेला असतो, त्यामुळे अविवाहित मुलाचे दुखणे कित्येक आठवडे कोणाला दिसतच नाही. तोवर रात्रभर मोबाइल, मग दारू, मग कर्ज अशी भर पडत जाते, आणि ज्याच्या हाती शस्त्र आहे त्याच्या बाबतीत असा विलंब मला अक्षम्य वाटतो. मित्राने दिलेल्या झोपेच्या गोळ्या त्याने मुळीच घेऊ नयेत. त्याने आरएमओंना, म्हणजे युनिटच्या डॉक्टरांना, भेटावे. संकोच वाटत असेल तर आधी सुभेदार साहेबांशी किंवा युनिटच्या धर्मगुरूंशी बोलावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही आहे. सशस्त्र दलांसाठी त्याचा विशेष कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) सुरू झाला. तुम्ही ‘जेवलास का’ एवढेच न विचारता ‘काल किती वाजता झोपलास’ हेही विचारा. जगण्यात अर्थ नाही असे काही तो बोलला, तर सकाळची वाट न पाहता थेट त्याच्या कंपनी कमांडरना कळवा.

प्रश्न : भरतीच्या वेळी नॉमिनी म्हणून काकांचे नाव दिले होते. आता आईचे द्यायचे आहे.

उत्तर : युनिटच्या कार्यालयात आजच लेखी अर्ज द्या आणि नोंद झाल्याचे स्वतः पाहून घ्या.

प्रश्न : कंपनीत अविवाहित जवान जास्त आहेत. थोडा निधी मिळाला आहे. मोठा टीव्ही घ्यावा की जिमचे साहित्य? (एक सुभेदार)

उत्तर : साहेब, दोन्हींच्या आधी झोपेची सोय करा. दोन तास पहारा आणि चार तास आराम या पद्धतीने रात्र काढून आलेला जवान सकाळी आडवा होतो, तेव्हा त्याच बरॅकमध्ये इतरांची धावपळ चालू असते. त्याच्यासाठी जाड पडद्यांची, पंखा आणि धड मच्छरदाण्या असलेली वेगळी खोली काढा. प्रत्येक खाटेजवळ चार्जिंगची सोय हवी, पण वायरिंग एमईएसकडून (लष्कराच्या बांधकाम व देखभाल विभागाकडून) तपासून घेतल्याशिवाय वापरू नका. इग्नूच्या पदवीचा किंवा बारावीचा अभ्यास करणाऱ्या अग्निवीरांना एक शांत टेबलही द्या. रजेचा विषय मात्र पैशांचा नाही. नियमित जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस नैमित्तिक रजा असते, अग्निवीराला मात्र ३० दिवसच. तरीही ‘याला कुठे बायकामुले आहेत’ म्हणून गणपती-दिवाळीला त्यालाच मागे ठेवले जाते. पुढच्या सैनिक संमेलनात (अधिकारी आणि जवानांच्या बैठकीत) हा विषय काढा, आणि सणांच्या रजेची यादी करताना गेल्या वर्षी मागे राहिलेल्यांची नावे आधी घालण्याबाबत कंपनी कमांडरशी बोला.