मॅडम, पिस्तुलासाठी एक सर्टिफिकेट हवं होतं

घरात सेफ्टीसाठी पिस्तूल ठेवावं का, आणि ठेवायचं तर कुठलं, हा प्रश्न पुण्यात मला हल्ली बऱ्यापैकी विचारला जातो, कोयता गँगच्या बातम्या सुरू झाल्यापासून तर जास्तच. म्हणून एक केस सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

धायरीच्या पुढे बंगला, गृहस्थ पन्नाशीचे, स्वतःचं छोटं वर्कशॉप. मागच्या गल्लीत घरफोडी झाली तेव्हापासून झोप उडालेली, पण ते माझ्याकडे झोपेसाठी आलेच नव्हते. शस्त्र परवान्याच्या अर्जाला मेडिकल सर्टिफिकेट लागतं, त्यात मानसिक आरोग्याचंही येतं, ते मी द्यावं असं त्यांचं म्हणणं. म्हटलं सर, ते डॉक्टरनं द्यायचं असतं, मी समुपदेशक आहे, पण आलाच आहात तर बसा. बायको बरोबर होती, त्या आधीच बसल्या होत्या.

अभ्यास मात्र दांडगा. यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून पंप ॲक्शन, नाइन एमएम, हॉलो पॉइंट, सगळं तोंडपाठ. आता इथली गोष्ट वेगळी आहे हे त्यांना अर्धवटच माहीत होतं. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम, नाइन एमएम प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) जातं, सामान्य माणसाला ते मिळत नाही, उरतं काय तर मुख्यतः पॉइंट ३२ चं रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल नाहीतर बारा बोअरची बंदूक. वय किमान २१, पुणे शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीणला जिल्हाधिकाऱ्यांकडे, मग पोलीस चौकशी, आणि जिवाला खरंच धोका आहे का हे ते बघणारच, नुसती "भीती वाटते" ह्यावर लायसन्स हातात पडत नाही. ह्यावर ते हळूच म्हणाले, एक जण बिनपरवान्याचा गावठी कट्टा देतो म्हणालाय. मी स्पष्टच सांगितलं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर नुसता जवळ सापडला तरी कमीत कमी २ वर्षं आणि ५ वर्षांपर्यंत कैद आहे, चोर राहील बाजूला, तुम्हीच आत जाल.

मग ताई, म्हणजे त्यांची बायको, बोलल्या. गणपतीच्या आधीचे दिवस, मुलगा ढोल पथकात, प्रॅक्टिस झाल्यावर मित्रांबरोबर भटकून रात्री दीडला आला आणि आजोबांची झोप मोडू नये म्हणून बेल न वाजवता मागच्या गेटवरून उडी मारून किचनच्या दारानं आत शिरला. दारामागे वडील कोयता घेऊन उभे. गावाकडून ऊस तोडायला वापरायचे तो आणलेला, रोज रात्री उशाशी असायचा. मुलगा "बाबा" म्हणून ओरडला आणि हात थांबला. ताई मला म्हणाल्या, "मॅडम, कोयता चालवायला जवळ तरी जायला लागतं, तोंड दिसतं. पिस्तुलाचं काय, हे जिन्यावरूनच उडवतील."

मला वाटतं सगळ्या चर्चेत हे एकच वाक्य कामाचं होतं. सलग झोप न झालेला माणूस अंधारात हलणारी कुठलीही सावली चोरच समजतो, त्यात त्याचा स्वभाव वाईट वगैरे काही नसतं, शरीर अलार्म मोडमध्ये अडकलेलं असतं. हे गृहस्थ सीसीटीव्हीचं ॲप रात्री पंधरा-वीस वेळा बघत होते, मांजर गेली तरी नोटिफिकेशन.

ते म्हणाले, पण कायदा माझ्या बाजूनं आहे ना, रात्री घर फोडून आला तर गोळी घालता येते. अर्धं खरं आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची, आणि कलम ४१ मध्ये रात्रीच्या घरफोडीत प्रसंगी जीव घेण्यापर्यंतचा हक्क आहे हे बरोबर. पण त्याला कलम ३७ चा लगाम आहे, बचावाला गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. चोर भिंतीवरून पळतोय आणि तुम्ही पाठीत गोळी घातलीत तर ते स्वसंरक्षण म्हणून पटवणं फार अवघड आहे, आणि पटवायचं कोणी, तर तुम्हीच, कारण हा बचाव शाबीत करायची जबाबदारी आरोपीवर असते. म्हणजे तुम्ही बरोबर असलात तरी गुन्हा दाखल, हत्यार जप्त, कोर्टाच्या तारखा, हे सगळं होऊ शकतं. ह्याचं प्लॅनिंग कोणी करत नाही, मॉडेलचं मात्र करतात.

मी विचारलं, ठेवणार कुठे? "कपाटात, लॉकरमध्ये, काडतुसं वेगळी." छान, मग रात्री तीनला चष्मा, किल्ली, लॉकर, काडतुसं, तोपर्यंत चोर थांबेल का? "मग उशाशी ठेवीन, भरून." आणि घरात कोण कोण आहे? इथे ते अडकले. शिवाय लायसन्स ह्यांच्या नावावर, दिवसभर घरी ताई, त्यांना त्याचा उपयोग शून्य. निवडणूक आली की बऱ्याच जणांना हत्यार जमा करायला लागतं ते वेगळंच.

घरात कोण आहे हे मी उगाच विचारत नाही. आजी जाऊन वर्षही झालं नव्हतं, आजोबा खालच्या खोलीत, जेवण कमी झालेलं, आणि अधूनमधून "माझं आता काय राहिलंय" असं म्हणायचे, घरच्यांना वाटायचं वय झालंय म्हणून बोलतात. हे ऐकल्यावर माझ्यासाठी पिस्तुलाचा विषय पूर्ण बदलला. आत्महत्येची तीव्र इच्छा बऱ्याचदा थोडा वेळच टिकते, तेवढ्यात हाताला काय लागतं ह्यावर सगळं ठरतं, आणि बंदुकीनंतर दुसरी संधी जवळजवळ मिळत नाही. घरात बंदूक असली की हा धोका वाढतो, हे अभ्यासांमधून पुन्हा पुन्हा दिसलंय. हे मी त्यांना असंच, गोड न करता सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, बाबांना कुणाकडे नेऊ?

आजोबांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, औषधं सुरू झाली. (तुमच्या घरी असं कोणी बोलत असेल तर टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.) ह्यांच्या झोपेवर आम्ही वेगळं काम केलं, ॲपची नोटिफिकेशन रात्री बंद, त्याऐवजी मागच्या गेटला सेन्सरचा दिवा, किचनच्या दाराला आडवी कडी, आणि मुलाला स्वतःची किल्ली, जी आधी का दिली नव्हती देव जाणे. ११२ स्पीड डायलला. कोयता गावाला परत गेला, ही ताईंची अट होती.

पूर्ण बदलले असं मात्र नाही. अर्ज त्यांनी अजून फाडलेला नाही, आणि मी फाडा असं म्हणतही नाही, अर्ज करायचा त्यांना हक्क आहे. फक्त झोप रुळावर येईपर्यंत आणि आजोबा सावरेपर्यंत थांबा एवढंच माझं म्हणणं, आणि बाकी काहीही झालं तरी आजोबा त्या घरात आहेत तोवर भरलेलं हत्यार उशाशी नको म्हणजे नकोच. मधे विचारत होते, मग एअरगन घेऊ का, लायसन्स लागत नाही ना? पॉइंट १७७ ची, २० जूलपेक्षा कमी ताकदीची असेल तर लागत नाही. पण अंधारात ती खऱ्या बंदुकीसारखी दिसते, समोरचा खरी समजूनच अंगावर येईल, आणि तुमच्या हातात असेल छऱ्याची.

आणि एक नेहमीचा प्रश्न, समुपदेशन घेतलं तर लायसन्स मिळणार नाही का? आमच्याकडून फाईल कुणी आपोआप पोलिसांना पाठवत नाही. पण अर्जात किंवा सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरपासून काही लपवू नका, महत्त्वाची माहिती दडवली तर मिळालेला परवानाही शस्त्र कायद्याच्या कलम १७ खाली रद्द होऊ शकतो.