‘तो स्वतःला अपंग मानत नाही, मग दाखला काढायचा का?’

प्रश्न : माझा धाकटा भाऊ १९ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला) आहे. बारावी झाला, शेतातलं ठिबक एकटा सांभाळतो. पण वरातीत डीजे वाजला की कान दाबून पळतो, अनोळखी माणसासमोर वाचाच बसते. आई म्हणते, अपंगत्वाचा दाखला काढून ठेवा, कामी पडेल. तो म्हणतो, ‘मी अपंग नाही, मले नाही पायजे.’ स्वमग्न माणसं स्वतःला अपंग समजतात का? आम्ही काय करावं?
– एक बहीण, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, याला सगळ्या स्वमग्नांचं मिळून एक उत्तर नाही. काहीजण ठामपणे ‘हो’ म्हणतात : आवाज, उजेड, बोलण्याचे कष्ट यांनी रोजचं जगणं अडतं, आणि ते नाकारलं तर मदतही जाते. काही म्हणतात, आमच्या मेंदूची घडणच निराळी, त्यात मोडलेलं काही नाही. आम्हाला वाटतं, दोन्ही खरं असू शकतं. तुमचा भाऊ ठिबकच्या नळ्या पाहताना कुठं अडतो? डीजेपुढं मात्र अडतो. माणूस तोच, जागा बदलली. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही हेच धरतो : दीर्घकाळची उणीव आणि भोवतालचे अडथळे मिळून माणसाचा सहभाग रोखतात, ते अपंगत्व. त्याच्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. १९९५ च्या कायद्यात ती नव्हतीच.

म्हणून ‘तू अपंग आहेस’ असा वाद घालू नका. गावात या शब्दाचा अर्थ ‘याच्याच्यानं काही होत नाही’ असा घेतात, आणि तो बहुधा त्यालाच नाही म्हणतो आहे. दोन प्रश्न कागदावर लिहून द्या : कुठं अडतं? तिथं काय केलं तर अडणार नाही? बोलण्यापेक्षा लिहिणं पुष्कळांना सोपं जातं. उत्तराला चार दिवस द्या. दाखल्यानं काय मिळतं तेही लिहा : सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणातला १ टक्का ज्या गटाला आहे त्यात स्वमग्नता येते, सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणात दिव्यांगांना ५ टक्के जागा. दाखला काढला म्हणजे चारचौघांत दाखवत फिरायचं नसतं, हे आवर्जून सांगा. तो सज्ञान आहे. होकार त्याचाच हवा.

तो हो म्हणाला, तर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या दाखल्याचा आणि ओळखपत्राचा, अर्ज घरून किंवा सेतू केंद्रातून ऑनलाइन भरा. आधार, फोटो, सही लागते. पुढं सरकारी दवाखान्यात तपासणी. त्यात ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी वापरतात : ४० बाबी, प्रत्येकीला १ ते ५ गुण. एकूण ७० झाले तर ४० टक्के अपंगत्व धरतात, आणि आरक्षणाला निदान ४० टक्के लागतात. घोळ होतो तो इथंच. घरचे कौतुकानं ‘सगळं करते पोरगा’ म्हणून सांगतात. पोरगाही तासभर नेट धरून नीट बोलतो. घरी आल्यावर दोन दिवस कोपऱ्यात पडून राहतो, ते तपासणाऱ्याला दिसत नाही, आणि गुण कमी पडतात. यासाठी आधी १५ दिवस वही ठेवा : तारीख, काय घडलं, सावरायला किती वेळ लागला, कोणाची मदत लागली. आईला सोबत न्या; तो बोलायला कधी लागला, शाळेत काय व्हायचं, हे तिलाच आठवणार. वाढवून सांगू नका, झाकूनही ठेवू नका.

नाही म्हणाला तर थांबा. अर्ज पुढंही करता येतो. वरातीत त्याला आधीच घरी जाऊ द्यायला कुठलाच दाखला लागत नाही.

प्रश्न : ‘स्वमग्न’ म्हणावं की ‘दिव्यांग’?
– एक शिक्षक, वाशीम जिल्हा

उत्तर : सरकारी कागदावर दिव्यांग. एरवी त्या व्यक्तीला विचारा. ‘स्वमग्न’ म्हणजे स्वतःतच बुडालेला, आणि पुष्कळांना हे वर्णन चुकीचं वाटतं : त्यांना माणसं हवी असतात, गलका नको असतो. काहींना ‘ऑटिस्टिक’ बरं वाटतं. विद्यार्थी अजून सांगू शकत नसेल तर वर्गात त्याला फक्त नावानं हाक मारा.