अंदमानात पहिल्यांदा डायव्हिंग? आधी एवढंच बघ

आठवड्यात पाच बेटं? नको रे, सगळा पैसा बोटीतच जाईल. पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) थेट हॅवलॉक गाठ (आता स्वराज द्वीप म्हणतात) आणि तिथेच मुक्काम ठोक. सरकारी बोट खासगीपेक्षा बरीच स्वस्त, फक्त तिकिटाच्या मागे आधीपासून लाग. पावसाळा टाळ.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- सगळ्यात स्वस्त दुकान शोधणं. एका प्रशिक्षकाकडे किती जण, ते आधी विचार.
- कान. दुखायची वाट न बघता, खाली जाताना सारखं नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. मी पहिल्यांदा ‘जरा सोसू’ म्हणत उतरलो आणि पुढचे दोन दिवस किनाऱ्यावर शहाळी पीत बसलो. सर्दी असेल तर उतरूच नकोस.
- परतीच्या दिवशी डाइव्ह. शेवटची डाइव्ह आणि विमान यांत किमान 18 तास हवेत. मी पूर्ण दिवस ठेवतो.

काटकसर खोलीत कर, पंखा पुरे. सामान भाड्याने मिळतं. घ्यायचाच तर मास्क घे: पट्टा न लावता चेहऱ्यावर धर, नाकाने हवा ओढ, हात सोड. चिकटून राहिला तर तो तुझा. कॅमेरा पुढच्या खेपेला.