पाकिटातले पॉपकॉर्न हेल्दी असतात का?

मका वाईट नाही हो, वरून जे टाकतात त्याचा घोळ आहे. नुसता फुटलेला मका म्हणजे अख्खं धान्य, 100 ग्रॅमला साधारण 14-15 ग्रॅम फायबर, पोट भरतं. पण तुम्ही विचारताय ते बटर नाहीतर चीजवालं तयार पाकीट, तर त्याची मागची बाजू वाचा, समोरचं 'बेक्ड', 'नॅचरल' वगैरे सोडून द्या. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात, म्हणजे मक्यानंतर लगेच पामतेल आलं की तेल बरंच आहे असं समजायचं. मग सोडियम बघा, त्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं, 800 मिलिग्रॅम म्हणजे 2 ग्रॅम मीठ, आणि डब्ल्यूएचओ म्हणतं दिवसभरात 5 ग्रॅमच्या आत रहा. आपल्याकडं ठेचा, लोणचं, पापड आधीच चालू असतंय! आकडे 100 ग्रॅमचे आहेत का एका सर्व्हिंगचे तेही बघा, तिथंच लई जण फसतात. कॅरॅमलवालं तर सरळ गोड खाऊच धरा.

मी लातूरच्या मोंढ्यातून सुटे पॉपकॉर्नचे दाणे आणतो (जनावरांचा साधा मका फुटत नाही, करून बघितलंय), कुकरमध्ये चमचाभर तेल, हळद, मीठ, शिट्टी काढून झाकण नुसतं वर ठेवायचं, पाच मिनिटात काम. नाहीतर पंचमीला करतो त्या ज्वारीच्या लाह्या काय वाईट आहेत?

चार वर्षांखालच्या लेकरांना मात्र कुठलेच पॉपकॉर्न देऊ नका, घशात अडकतात.