नायक सुधारला, तरी मला त्याला माफ करता येत नाही. हा माझा दोष आहे का?

आपला प्रश्न मला असा समजला. आपण वाचलेल्या कादंबरीचा नायक तीनशेहून अधिक पाने केवळ स्वतःचेच पाहतो, बायकोशी खोटे बोलतो, धाकट्या भावाचा वाटा लाटतो. शेवटच्या चाळीसएक पानांत त्याला पश्चात्ताप होतो, भाऊ ‘जाऊ दे, दादा’ म्हणून त्याला मिठी मारतो, आणि इतर वाचक डोळे पुसत पुस्तक मिटतात, तेव्हा आपल्याला मात्र त्याचा रागच येत राहतो. शिवाय हा माणूस इतका नकोसा वाटूनही पुस्तक खाली ठेवता आले नाही, याचेही आपल्याला कोडे पडले आहे.

हे दुसरे कोडे आधी घेतो, कारण ते सोपे आहे. सज्जन माणूस थांबतो, समजून घेतो, सोडून देतो, आणि त्यामुळे कथानक जागचे हलत नाही. स्वार्थी माणसाला काहीतरी हवे असते, ते आत्ता हवे असते आणि त्यासाठी तो दुसऱ्याच्या दारावर लाथ मारायलाही मागेपुढे पाहत नाही. पुढच्या पानावर काहीतरी घडणार याची खात्री आपल्याला तोच देतो. त्यातून तो स्वतःच्या तोंडून गोष्ट सांगत असेल, तर वाचकाची सुटका नाही. ‘माझी परिस्थितीच तशी होती’, ‘तिला तरी कुठे काय वाटले’, ‘एकदा हे मार्गी लागले की सगळ्यांचे पाहीन’ ही वाक्ये आपण त्याच्या तोंडी ऐकतो तेव्हा ती परकी वाटत नाहीत, आणि मला वाटते की अशा नायकाविषयीच्या चिडीत ओळख पटल्याची थोडी लाजही मिसळलेली असते. वेन बूथ या समीक्षकाने 1961 मध्ये ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संकल्पना मांडली, तेव्हापासून समीक्षेत या प्रकाराला नाव आहे. पण निवेदक अविश्वसनीय आहे हे कळल्याने त्याच्यात गुंतणे थांबत नाही. गुंतणे म्हणजे पाठराखण करणे नव्हे, एवढे मनाशी पक्के केले की हे कोडे सुटते.

खरी अडचण माफीची आहे. ‘वाल्याचा वाल्मीकी झाला’ असे आपण सहज म्हणतो. त्या गोष्टीत वाल्या प्रत्येक खुनामागे एक खडा रांजणात टाकतो आणि असे सात रांजण भरतात. पुढे नारद भेटतो, घरची माणसे पापात वाटा घ्यायला नकार देतात, ‘मरा मरा’चा जप सुरू होतो आणि अंगावर वारूळ चढते. लहानपणी ऐकलेल्या या गोष्टीतले रांजण मला अजून डोळ्यांपुढे दिसतात, पण त्यांतला एकही खडा कोणाचा होता हे गोष्ट सांगत नाही. कीर्तनात ते खपून जाते, कारण तिथे विषय नामाच्या सामर्थ्याचा असतो. कादंबरीला ही सवलत मिळत नाही. तिने तीनशे पाने खर्चून एकेका खड्याला चेहरा दिलेला असतो, आवाज दिलेला असतो. आणि मग नायक सुधारला म्हणून तिने रांजणावर झाकण ठेवले, की वाचक अस्वस्थ होतो. माझ्या मते आपली अस्वस्थता हीच आहे, आणि तो वाचनातला दोष नसून लक्ष देऊन वाचल्याचा परिणाम आहे.

काही नायकांना आपण लगेच माफ करतो, हेही खरे. डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’मधला (1843) कंजूस स्क्रूज एका रात्रीत बदलतो, तरीही त्यावर फारसे कोणी हरकत घेत नाही, कारण त्याचा अपराध मुख्यतः चिक्कूपणाचा आहे: कारकुनाला त्याने कमी पगार दिला, तो वाढवता येतो. भरून काढता येणारे नुकसान भरून काढले की हिशेब मिटतो. प्रश्न उरतो तो भरून न येणाऱ्या नुकसानीचा.

त्या बाबतीत टॉलस्टॉयने ‘रिझरेक्शन’मध्ये (1899) जे केले, ते मला अजूनही सर्वांत प्रामाणिक वाटते. सरदार घराण्यातला नेख्ल्यूदोव्ह तरुणपणी आत्यांच्या घरी वाढलेल्या कात्यूशाला नादी लावतो, निघताना तिच्या हातात शंभर रूबल कोंबतो आणि विसरून जातो. ती गरोदर राहते, घराबाहेर पडते, मूल जाते, आणि अखेर ती वेश्याव्यवसायात ओढली जाते. काही वर्षांनी एका खुनाच्या खटल्यात तो ज्यूरीवर बसलेला असताना समोर आरोपी म्हणून तीच उभी राहते. इतकेच नव्हे, तर ज्यूरीच्या निष्काळजीपणामुळे तिला सक्तमजुरी होते. तो हादरतो, जमिनी शेतकऱ्यांच्या हवाली करू लागतो, लग्नाची तयारी दाखवतो, तिच्यामागे सायबेरियापर्यंत जातो. एवढे सगळे करूनही त्याला ती मिळत नाही. तुरुंगातल्या भेटीत ती त्याच्या तोंडावर सांगते की या जन्मी माझ्याकडून सुख घेतलेस आणि आता परलोकासाठीही माझाच उपयोग करून घेतो आहेस. शेवटी तिची सक्तमजुरी माफ होते, तेव्हाही ती सिमनसन नावाच्या राजकीय कैद्याची निवड करते. (आपल्यावरच्या प्रेमापोटीच ती नकार देते आहे, असे नेख्ल्यूदोव्हला त्या वेळी वाटते, माणूस सुधारला तरी स्वतःच्या बाजूने अर्थ लावण्याची सवय लगेच जात नाही, असे मी त्यावरून समजतो.) जिच्यावर अन्याय झाला तिला नाही म्हणण्याची मोकळीक लेखकाने दिली, म्हणूनच मला त्या माणसाच्या धडपडीवर विश्वास ठेवता येतो.

याउलट दस्तयेव्हस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’चा (1866) शेवट अनेक वाचकांना चिकटवल्यासारखा वाटत आला आहे. खून करणारा त्यातला नायक रास्कोल्निकोव्ह कबुली देतो, त्याला आठ वर्षांची सक्तमजुरी होते, पण सायबेरियात गेल्यावरही बराच काळ त्याला पश्चात्ताप होत नाही, आणि खरा बदल उपसंहाराच्या अगदी शेवटच्या पानांत उतरतो. घाई जाणवते हे मला मान्य आहे. तरी मला त्याहून जास्त खुपते ती लिझावेता. सावकार म्हातारीला मारताना ही तिची निरुपद्रवी बहीण अचानक आत येते आणि तीही मारली जाते. रास्कोल्निकोव्ह पुढे एका ठिकाणी स्वतःच नवल करतो की हिची आठवण आपल्याला जवळपास येतच कशी नाही. लेखकाला हे दिसत होते, त्याने ते नायकाच्या तोंडून वदवलेही, आणि म्हणून मी ती कादंबरी टाकून देत नाही. पण तो खडा रांजणाच्या तळाशी वाजत राहतो.

जाता जाता एक शंका नोंदवतो. इतकाच स्वार्थ एखाद्या नायिकेने केला असता, तर डोळे पुसणाऱ्यांपैकी किती जणांनी तिला चाळीस पानांत माफ केले असते? माझा अनुभव असा, की बाई चुकली तर वाचक तिच्याकडे कारण मागतो आणि पुरुष चुकला तर त्याला कारण सुचवतो.

मराठी वाचकाला या विषयावर ‘ययाति’ आठवल्याशिवाय राहत नाही. खांडेकरांची ही कादंबरी 1959 सालची. महाभारतातला ययाती मुलाच्या तारुण्यावर हजार वर्षे भोग घेतो आणि मग उपभोगाने वासना शमत नाही, तुपाने अग्नी भडकावा तशी ती वाढतच जाते, असे म्हणून तारुण्य परत करतो. तिथे तो ज्ञानी होऊन निघून जातो आणि ऐकणारा मान डोलावतो. खांडेकरांनी मात्र गोष्ट एकट्या ययातीच्या तोंडी ठेवली नाही, तर देवयानी आणि शर्मिष्ठा यांनाही ‘मी’ म्हणून बोलू दिले. पुष्कळ वर्षांपूर्वी एका ग्रंथालयातून मी तिची जुनी प्रत आणली होती. तो मुलाचे तारुण्य घेतो त्या पानाच्या समासात कोणीतरी पेन्सिलीने ‘नालायक’ असे लिहिले होते, इतके दाबून की मागच्या पानावर अक्षरे उठली होती. शेवटच्या पानावर त्याच हस्ताक्षरात, पण हलक्या हाताने, ‘बिचारा’ असे लिहिलेले होते. आणि त्याखाली निळ्या शाईत, अगदी वेगळ्या वळणाच्या अक्षरांत: ‘आणि शर्मिष्ठेचं काय?’ त्या वेळी माझे मत पेन्सिलवाल्याच्या बाजूचे होते. आज मी निळ्या शाईच्या बाजूला आहे, पण पेन्सिलवाला चुकला असेही म्हणवत नाही, कारण त्या एका पुस्तकात त्याचे मन खरोखर हलले होते.

आपला राग नायकावर आहे असे आपण लिहिता. मला तो अधिक करून लेखकावरचा वाटतो. नायकाचा पश्चात्ताप खरा असेलही, पण लेखकाने त्याला माफी इतक्या स्वस्तात मिळवून दिली की ज्यांनी सोसले ते केवळ माफी देण्यापुरतेच रंगमंचावर येऊन गेले. याची शहानिशा आपल्याला करता येईल: ती शेवटची चाळीस पाने पुन्हा काढा, नायकाकडे अजिबात पाहू नका, आणि बायको व धाकटा भाऊ कुठे आहेत, ते काय करतात, किती बोलतात एवढेच पाहा. बायको रागावते का, काही मागते का, त्याला दारात उभे ठेवते का? आपण सांगितले त्यावरून भावाच्या वाट्याला तरी ‘जाऊ दे, दादा’ हे तीन शब्दच आलेले दिसतात.