हार्थस्टोन या डिजिटल कार्ड गेममध्ये कंट्रोल डेक (समोरच्याला रोखत गेम लांबवून जिंकणारा कार्डांचा संच) खेळताना बोर्ड क्लिअर (समोरच्याचा अख्खा बोर्ड एकदम साफ करणारं कार्ड) नेमका कधी वापरावा?

समोर दोन मिनियन (बोर्डवर उतरवलेली लढणारी पात्रं) दिसले की क्लिअर टाकायचा मोह होतो आणि बरेच गेम तिथेच निसटतात. आधी हिशोब करा: समोरचा बोर्ड पुढच्या टर्नला किती डॅमेज देईल आणि तुमची हेल्थ किती आहे? ३० पैकी २५ हेल्थ शिल्लक असेल आणि ५-६ डॅमेज येणार असेल, तर खुशाल मार खा. हेल्थ खर्च करण्यासाठीच असते. शेवटी १ उरली तरी गेम तुमचाच. थांबलात की समोरचा आणखी मिनियन उतरवतो, आणि तुमच्या एका कार्डात त्याची तीन-चार जातात. कंट्रोल डेक जिंकतो तो याच फरकावर.

समोरचा हुशार असेल तर तो एका वेळी दोनच मिनियन ठेवून बसेल. तेव्हा क्लिअर राखून ठेवा, स्वस्त रिमूव्हलने (एकच मिनियन मारणाऱ्या कार्डाने) एकेक उडवा. मात्र त्याच्या डेकमध्ये थेट चेहऱ्यावर, म्हणजे तुमच्या हेल्थवर, मारणारे स्पेल (जादूची कार्डं) भरपूर असतील तर हेल्थ १५ च्या खाली जाण्याआधीच क्लिअर करा, उशीर परवडत नाही.

मुलिगनमध्ये (गेमच्या सुरुवातीला हातातली कार्डं बदलून घेताना) ८ मानाचं, म्हणजे खेळायला महाग असलेलं, कार्ड कितीही आवडतं असलं तरी परत करा.

कंट्रोलविरुद्ध कंट्रोल हा वेगळाच खेळ. तिथे उगाच कार्डं ओढू नका: डेक संपला की प्रत्येक ड्रॉला १, २, ३ असं वाढत जाणारं फटीग डॅमेज (रिकाम्या डेकची शिक्षा) बसतं, आणि हातात १० कार्डं असताना ओढलेलं अकरावं जळून जातं.