बॅटरीच्या कामात उतरतेयस तर

रबाळ्याच्या लॅबमध्ये रुजू होतेयस, ऐकून फार आनंद झाला. सगळ्यात आधी ओलाव्याचं सांगते. लिथियम बॅटरीच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये, म्हणजे आतल्या आयन वाहून नेणाऱ्या द्रवात, बहुधा लिथियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेट असतं. त्याला पाणी लागलं की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं आणि सेल आतून खराब होतो. आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात जुलैत हवाच ओली! माझ्या पहिल्या पावसाळ्यात लागोपाठ १२ कॉइन सेल (नाण्याच्या आकाराचे चाचणीचे सेल) गेले. मी पदार्थालाच दोष देत बसले होते. खरं तर रात्रभर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये वाळवलेले इलेक्ट्रोड ग्लोव्ह बॉक्समध्ये, म्हणजे कोरड्या बंद पेटीत, नेण्याआधी मी टेबलावर ठेवायचे. ओलावा शोषायला तेवढा वेळ पुरला. तेव्हापासून तारीख, वजन, ओव्हनचं तापमान सगळं वहीत. फसलेल्या सेलचं तर न चुकता लिही, गं.

विषय निवडताना सोडियम-आयनकडे, म्हणजे लिथियमऐवजी सोडियमवर चालणाऱ्या बॅटरीकडे, जरूर बघ. सोडियम मिठातच आहे, आणि तो अ‍ॅल्युमिनियमशी मिश्रधातू करत नाही, त्यामुळे अ‍ॅनोडलाही (ऋण इलेक्ट्रोडलाही) महागड्या तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमची फॉइल चालते. लिथियम बॅटरीत वापरतात त्या ग्रॅफाइटमध्ये मात्र तो नीट शिरत नाही, म्हणून हार्ड कार्बन (विस्कळीत रचनेचा कार्बन) वापरतात. तिथे करण्यासारखं खूप आहे.

पीएचडीची घाई नको, आधी हात बसू दे. लिथियम बॅटरीच्या जनकांपैकी एक, जॉन गुडइनफ, यांचं लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचं (धन इलेक्ट्रोडच्या पदार्थाचं) काम १९८० चं, पन्नाशी उलटल्यावरचं; नोबेल मिळालं २०१९ मध्ये, ९७ व्या वर्षी.